अळू पॅनल

आशालता गेली तेव्हा तिचं म्हणून वाढणारं असं एकच मागे उरलं, पंपाच्या खोलीमागचं अळू. मीही उरलो होतो, पण मी वाढत नव्हतो, उलट उतरत होतो.

आमची सोसायटी एव्हरशाईन सिटीच्या मागच्या अंगाला आहे. ए आणि बी अशा दोन विंग. ए विंगमध्ये बावीस फ्लॅट, बीमध्ये वीस, कारण बीच्या तळमजल्यावर ऑफिस आणि वॉचमनची खोली आहे. हा दोन फ्लॅटचा फरक बिल्डरने केला आणि त्यावर आमचं सगळं राजकारण उभं राहिलं.

कमिटीच्या जागा सात. मतदान म्हणजे प्रत्येक फ्लॅटने सात नावांपुढे खुणा करायच्या. एवाले एच्या सात जणांपुढे करायचे, बीवाले बीच्या. त्यामुळे निकाल दर वेळी ठरलेला, ए सात आणि बी शून्य. ते वीस फ्लॅट इमारतीत नाहीतच असा कारभार चाले. टँकर आला की आधी एची टाकी. रंग आणला तो एच्या जिन्याला. बीच्या जिन्यातला दिवा गेला की बीवाले काडेपेटी खिशात घेऊन चढायचे.

एची टाकी भरून वाहायची तेव्हा बीच्या नळातून नुसती हवा यायची. ते वाहून जाणारं पाणी एका पाइपमधून पंपाच्या खोलीमागे पडायचं. आशालताने कामणच्या एका भाजीवालीकडून अळूचे दोन कंद आणले आणि त्या पाइपखाली लावले. चार-पाच वर्षांत त्याचं रान झालं. पानं सुपाएवढी. आम्ही ए विंगचे, पण पानं दोन्हीकडच्या बायका न्यायच्या. दिवाळीनंतर आशालता गेली, तरी त्या येत राहिल्या. मी खिडकीतून बघायचो.

मग फेब्रुवारीत एक घटना घडली. ए विंगमधला एक फ्लॅट विकला गेला आणि तो घेतला सेबॅस्टियनने. सेबॅस्टियन म्हणजे बी विंगचा पुढारी क्लेमेंट परेरा याचा सख्खा मेहुणा. त्याचं मत कुठे जाणार हे सांगायला नको. एकवीस-एकवीस झालं.

ए विंगचे पुढारी सुधाकर पाटकर बँकेत होते आणि सोसायटी झाल्यापासून चेअरमन होते. ते धावत बॅप्टिस्ट सरांकडे गेले. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. सर शाळेतून निवृत्त झालेले, बी विंगमध्ये राहणारे, पण दोन्ही बाजू त्यांचं ऐकायच्या. निवडणुकीचं काम दर वेळी तेच बघायचे.

"सर, घात झाला," सुधाकरराव म्हणाले. "आता आमच्यातला एक जरी त्या दिवशी गावाला गेला तरी सात-शून्य. उलटं!"

"इतकी वर्षं सात-शून्यच होतंय की, सुधाकर."

"तेव्हा ते बरोबर होतं, सर."

सरांनी चष्मा पुसला. ते बरीच वर्षं एक कल्पना मनात घेऊन बसले होते आणि ती ऐकायला कोणी तयार नव्हतं. आता गिऱ्हाईक आपण होऊन दारात आलं होतं. त्यांनी क्लेमेंटला बोलावून घेतलं. बरोबर त्याची बायको मार्थाही आली.

"सात खुणा बंद," सर म्हणाले. "एका फ्लॅटने एकाच पॅनलला एक मत द्यायचं. ज्या पॅनलला जेवढी मतं, त्या प्रमाणात त्याला जागा. बेचाळीस मतं, सात जागा. सहा मतांना एक जागा."

"म्हणजे हरलेल्यालापण जागा?" सुधाकररावांना हे पटेना.

"हरलेला असं कोणी नसतंच. कमी आणि जास्त असतं."

क्लेमेंटही विचारात पडला. इतक्या वर्षांनी सातही जागा मिळायची वेळ आली आणि सर वाटणी करायला निघाले होते. पण तोही धास्तावलेला होता. सेबॅस्टियनचा भरवसा मेहुणा म्हणून होता, माणूस म्हणून नव्हता.

मार्था पाचूबंदरची. तिच्या माहेरी होड्या. ती म्हणाली, "यात कललं नाय असं काय हाय? होडी लागली का नाखवा सगली मासली घरी नेतो काय? वाटे पडतात. होडीचा वाटा, जाल्याचा वाटा, खलाशांचा वाटा. सगली एकट्यानं नेली तर दुसऱ्या दिशी होडीवर येल कोन?"

"मार्था, तू गप," क्लेमेंट म्हणाला.

"का गप? बीच्या बादल्या मीच उचलते ना तिसऱ्या माल्यावर?"

अशा रीतीने दोघांच्या भीतीमुळे नवी पद्धत एकमताने मंजूर झाली. कायद्यात बसते का, हे कोणी विचारलं नाही.

मग दोन पॅनल झाली. सुधाकररावांचं एकता पॅनल, क्लेमेंटचं विकास पॅनल. जाहीरनामे नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लागले. एकताचं म्हणणं, पाणी आहे तसंच राहील. विकासचं म्हणणं, पाणी निम्मं निम्मं. एकता म्हणे गेटवर नवा वॉचमन, विकास म्हणे आहे त्यालाच जागं ठेवू. एकाही मुद्द्यावर मेळ नव्हता. फक्त पाचवं कलम दोघांचं शब्दाला शब्द सारखं होतं.

"पंपाच्या खोलीमागील मोकळ्या जागेत काँक्रीट करून पार्किंग."

मोकळ्या. मी तो शब्द दोनदा वाचला आणि मागे जाऊन बघून आलो. अळू माझ्या कमरेपर्यंत होतं.

मी आधी सुधाकररावांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, हळहळले. "श्रीरंगराव, तुमच्या भावना समजतात. आपण असं करू, पार्किंगला वहिनींचं नाव देऊ. कैलासवासी आशालता स्मृती पार्किंग. बोर्ड माझ्या खर्चाने."

"तिला गाडी लागायची," मी म्हणालो. "रिक्षासुद्धा."

तिथून क्लेमेंटकडे गेलो. तो म्हणाला, "श्रीरंगभाऊ, वहिनीच्या आत्म्याला शांती म्हणून मी चर्चमध्ये मिस्सा सांगतो. पण गाड्यांचं बघायलाच पाहिजे. माझी मारुती रस्त्यावर असते, तिचे आरसे दोनदा गेले."

एकाने बोर्ड देऊ केला, दुसऱ्याने मिस्सा. अळू ठेवायला कोणीच तयार नव्हतं. मी बॅप्टिस्ट सरांकडे जाऊन म्हणालो, "सर, दोनच पॅनल आणि दोघांनाही काँक्रीट हवंय. मी मत कोणाला देऊ?"

"तिसऱ्याला."

"तिसरं कुठाय?"

"माझ्यासमोर बसलंय," सर म्हणाले. "सहा मतं पाहिजेत. एक तुमचं आहे. पाच आणा."

मी जन्मात वर्गाचा मॉनिटरसुद्धा झालो नव्हतो. छापखान्यात नोकरीला होतो तिथे युनियनची निवडणूक असायची तेव्हा मी डबा खात असायचो. पण अर्ज भरला. पॅनलचं नाव अळू, यादीत नाव एक. निशाणी म्हणून सरांनी मतपत्रिकेवर पान काढलं. ते हत्तीच्या कानासारखं दिसत होतं. एकताची निशाणी सूर्य, विकासची दिवा.

ए विंगच्या पुरुषांनी मला जिन्यात गाठून मजा केली. "काय श्रीरंगराव, घसा खवखवणार म्हणायचा या वेळी!" बीवाले म्हणायचे, "जाहीरनाम्यात चिंच-गूळ घातलंत ना?" मतं मागायला गेलो की सगळे प्रेमाने बसवायचे आणि सगळे एकच सांगायचे, तुम्हाला मत दिलं असतं, पण ते फुकट जाईल. मी सांगायचो, नव्या पद्धतीत फुकट जात नाही, सहा झाली की जागा आहे. ते मान हलवायचे. सात-शून्याची सवय होती. ती अशी सुटत नाही.

पाच मतं काही जमेनात. एका सकाळी मी अळूपाशी नुसता उभा होतो. सुधाकररावांच्या मिसेस, संपदा वहिनी, पानं न्यायला आल्या. बीमधून मार्थाही आली. नवरे एकमेकांशी बोलत नव्हते, पण या दोघींचं रोजचं बोलणं चालू होतं.

"भाऊजी, बाहेरची पानं घेते, मधलं ठेवते," संपदा वहिनी म्हणाल्या.

"घ्या की. आशाचा तो नियमच होता."

"दुसरा नियमही मोडला नाही आम्ही. वहिनी गेल्यावरसुद्धा तुमच्या दाराशी डबा ठेवतो. चार वड्या."

डबे दाराशी येत होते हे खरं. मला वाटायचं, माणूस गेलं की लोक आणून देतात, तसं असेल.

"चार वड्या कसल्या?"

"पानं न्या, चार वड्या आणून द्या. वहिनींचा भाव ठरलेला होता."

"पण आमच्याकडे वड्या आशाच करायची," मी म्हणालो.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मार्था तोंडावर पदर धरून हसली. "भाऊ, आशावयनी अलूला हात नाय लावायची! तिच्या हाताला खाज सुटायची. कोपरापर्यंत लाल व्हायची. लावायची काठीनं, तोडायचो आमी."

"मग मी खाल्ल्या त्या?"

"कधी माझ्या. कधी यांच्या. कधी वरच्या सुझानच्या. कोनाच्या नाय खाल्ल्या तुमी?"

मला आठवलं, मी दर वेळी ताटावर म्हणायचो, आशा, तुझ्यासारखी वडी कोणाला जमत नाही. आणि ती म्हणायची, हो ना. एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. वर्षानुवर्षं मी सगळ्या इमारतीच्या हातचं खात होतो आणि कौतुक एकटीचं करत होतो.

मी तिथेच पंपाच्या पायरीवर बसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो. हसता हसता थोडं रडूही आलं, तेव्हा दोघींनी पानं मोजण्याचं नाटक केलं.

मग मी त्यांना कलम पाच सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. नवऱ्यांनी घरी सांगितलं नव्हतं आणि नोटीस बोर्ड वाचायला वेळ कोणाला होता?

"पन भाऊ, आमची मतं कुठं हायत?" मार्था म्हणाली. "मत त्यांचं."

हे खरं होतं. फ्लॅट बहुतेक नवऱ्याच्या नावावर, बायकोचं नाव दुसरं, कर्जासाठी लावलेलं. पहिलं नाव हजर नसेल तरच दुसऱ्या नावाला मत. आणि निवडणुकीला हजर राहणार नाही असा नवरा आमच्या सोसायटीत नव्हता. पाणी नसलं तरी मत होतं.

आता निवडणुकीच्या तारखेबद्दल. सभा रविवारी ठेवायची, कारण बाकीच्या दिवशी लोक मुंबईत. तेवीस मार्च, दुपारी चार, असं दोन्ही पॅनलनी मिळून ठरवलं होतं. तेव्हा आफ्रिकेत वर्ल्ड कप नुकताच सुरू झाला होता आणि आपली टीम अशी खेळत होती की लोक पुतळे जाळत होते. क्लेमेंट म्हणाला होता, "तेवीसला फायनल आहे, पण आपलं काय तिथे?" सुधाकरराव आयुष्यात पहिल्यांदा क्लेमेंटशी सहमत झाले होते.

त्यानंतर टीम जिंकतच सुटली. गुरुवारी सेमीफायनल जिंकली तेव्हा दोन्ही विंगचे लोक खाली येऊन एकमेकांना मिठ्या मारून नाचले. नाचता नाचता कोणाला तरी रविवार आठवला.

सर म्हणाले, "दोन्ही पॅनलनी लिहून दिलं तर सभा पुढे ढकलतो. माझी हरकत नाही."

"आम्हाला कशाला पुढे हवी?" सुधाकरराव म्हणाले. "त्यांना भीती वाटत असेल तर त्यांनी लिहून द्यावं."

"आम्ही कधीही तयार," क्लेमेंट म्हणाला. "ज्याला पळायचंय त्याने अर्ज करावा."

कोणीच अर्ज केला नाही. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तरी कशाला सांगितलं असतं?

रविवारी दीडला मॅच सुरू झाली. चारच्या सुमाराला ऑस्ट्रेलियावाले असे झोडत होते की इमारतीतून नुसते उसासे ऐकू येत होते. आणि घराघरातून एकच वाक्य. "तू जाऊन ये गं पाच मिनिटं. आपल्या पॅनलवर खूण कर आणि ये." पुढच्या बॉलला विकेट पडेल या आशेने एकही उठायला तयार नव्हता.

सभेच्या मांडवात थोडे पुरुष होते. बाकी सगळ्या बायका. उमेदवार म्हणून सुधाकरराव आणि क्लेमेंट यांना यावंच लागलं होतं. सुधाकररावांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता आणि क्लेमेंट त्यांना सारखं विचारत होता, "किती झाले?" तेही सांगत होते.

संपदा वहिनींना आणि मार्थाला मत नव्हतं, कारण नवरे हजर होते. पण दोघी मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारत होत्या, "काय गं, कलम पाच वाचलंस?" सरांनी त्यांना एकदा हटकलं. "मतदान केंद्रावर प्रचार करता येत नाही."

"प्रचार कसला, सर? भाजीचं बोलतोय," संपदा वहिनी म्हणाल्या.

सहानंतर मोजणी झाली. एकता तेरा. विकास अकरा. अळू अठरा.

आकडा ऐकून मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी अळू आहे का म्हणून.

सर गणित मांडायला लागले. "तेराला दोन जागा. अठराला तीन. अकराला एक आणि वर पाच उरतात, म्हणून सातवी जागा त्यांचीच. दोन, दोन, तीन."

"यांच्या यादीत एकच नाव आहे!" क्लेमेंट ओरडला. "दोन जागा रिकाम्या. त्या आमच्या."

"आमच्या!" सुधाकरराव म्हणाले.

"जागा मतांच्या आहेत," सर म्हणाले. "अळूला नावं कमी पडली तर अळू नावं देईल."

"असा नियम आहे?"

"नियमात याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणून मी सांगतो तो नियम."

मोठं भांडण झालं असतं. पण तेवढ्यात वरून एकदम आरडाओरडा ऐकू आला आणि मग चिडीचूप. आपली बॅटिंग सुरू झाली होती आणि पहिल्याच ओव्हरला मोठी विकेट गेली होती. दोघांचे चेहरे पडले.

"घाला कोणाचीही नावं!" असं म्हणून सुधाकरराव जिन्याकडे पळाले. मागून क्लेमेंट. त्याचा टीव्ही तिसऱ्या मजल्यावर होता, म्हणून तो एच्या पहिल्या मजल्यावर, सुधाकररावांच्याच घरी घुसला.

मी दोन नावं दिली, संपदा पाटकर आणि मार्था परेरा. ही बातमी दोन्ही पुढाऱ्यांना फायनल हरल्यानंतर जेवताना कळली. एका दिवसात दोन पराभव, असं क्लेमेंट अजून म्हणतो.

पहिल्या मीटिंगला पाण्याचा विषय आधी आला. विकासची दोन आणि आमची तीन मतं एकत्र झाली, पाणी निम्मं निम्मं झालं. मग कलम पाच. इथे एकता आणि विकास एक झाले. चार विरुद्ध तीन. काँक्रीट मंजूर.

सहा मतं मागितली होती, अठरा मिळाली, तरी पुरली नाहीत. मला घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

"पास झालं ना?" मार्था म्हणाली. "आता सांगा, गाड्या कोनाच्या लागतील?"

"जागा सात गाड्यांची," सुधाकरराव म्हणाले. "चार एच्या, तीन बीच्या."

"का?" क्लेमेंट म्हणाला. "चार बीच्या!"

मत घेतलं. दोन विरुद्ध दोन. आम्ही तिघांनी हात वर केले नाहीत. पुन्हा घेतलं. दोन विरुद्ध दोन. युती होऊन चहा थंड व्हायच्या आत मोडली. दोघे एकमेकांच्या गाड्यांबद्दल, मग ड्रायव्हिंगबद्दल, मग एकमेकांच्या गावाबद्दल बोलले. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले.

"श्रीरंगराव, तुमचं मत?"

"श्रीरंगभाऊ, तुम्ही ठरवा."

संपदा वहिनी म्हणाल्या, "प्रमाणात करा ना. सरांनी एवढं शिकवलंय. सात वाटे. चार मतं काँक्रीटची, तीन अळूची. तर चार वाटे गाड्यांचे, तीन वाटे अळूचे. चार गाड्या, दोन एच्या, दोन बीच्या. आम्ही तिघं हात वर करतो."

"संपदा," सुधाकरराव हळूच म्हणाले, "हे घरी बोलू."

"घरी तू चेअरमन नाहीस."

बॅप्टिस्ट सरांनी स्वतः टेप धरून सात वाटे पाडले. पाइपखालचे तीन वाटे अळूला राहिले. उरलेल्या चारांतले कंद मी दोन दिवस खणून काढले आणि तिकडे दाटीने लावले. पुरुष गॅलरीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी काँक्रीट झालं. क्लेमेंटच्या मारुतीचा पुढचा टायर आता अळूला टेकतो आणि पानं बॉनेटवर येतात. तो ती बाजूला करतो, तोडत नाही. मार्था वरून बघत असते.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाणी सारखं वाटलं जायला लागल्यावर एची टाकी भरून वाहायची बंद झाली. पाइप कोरडा पडला. एप्रिलमध्ये पानं माना टाकायला लागली. बीच्या लोकांना न्याय मिळाला आणि आशालताचं अळू सुकायला लागलं. मी याची तक्रार कुठल्या तोंडाने करणार? ते पाणी बीच्या वाट्याचं होतं आणि ठराव पास करणाऱ्या हातांत माझाही हात होता.

मी रोज सकाळी एक बादली ओतायला लागलो. एका सकाळी गेलो तर माती आधीच ओली होती आणि वर तांदळाचे दोन-चार दाणे पडले होते. मग लक्ष ठेवलं. दोन्ही विंगच्या बायका तांदूळ धुतलेलं पाणी आणून ओतत होत्या. कोणी पातेल्यातून, कोणी दुधाच्या पिशवीतून. ठराव नाही, मतदान नाही. पानं पुन्हा सुपाएवढी झाली.

डबे येतच असतात. दाराशी ठेवून जातात, बेल वाजवत नाहीत. कोलंबी घातलेल्या वड्या आल्या की मार्थाच्या हे मला आता कळतं. गूळ जास्त असला की संपदा वहिनींच्या. पण एक डबा येतो, साधा स्टीलचा, झाकणाला पोचा असलेला. त्यातली वडी तोंडात घातली की ती तीच असते. जिच्याबद्दल मी म्हणायचो, आशा, तुझ्यासारखी कोणाला जमत नाही.

तो डबा कोणाचा, हे मी विचारलेलं नाही. धुऊन पायरीवर ठेवतो, संध्याकाळपर्यंत तो जातो. दाराआड उभा राहिलो तर एका दिवसात कळेल. पण कळलं तर मी त्या विंगचा होईन, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा निवडणूक आहे.